गोळा वाटीत राहू द्या

मागच्या अंकात मी माझ्या लेकीच्या खुब्याविषयी लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिचा डावा खुबा जन्मापासूनच नीट बसलेला नव्हता. ते आम्हाला कळलं ती पंधरा महिन्यांची असताना. डॉक्टरांनी भूल देऊन खुबा बसवला. पुढचे १२ आठवडे ती प्लास्टरमध्ये होती. प्लास्टर छातीच्या खालून सुरू व्हायचं, डाव्या पायाला घोट्यापर्यंत आणि उजव्याला गुडघ्यापर्यंत. त्यानंतर बरेच महिने पाय फाकलेले ठेवणारा पट्टा. आज ती अकरा वर्षांची आहे.

मी डॉक्टर नाही. उपचार कोणता आणि कधी करायचा हे तुमच्या मुलाला तपासलेले बालअस्थिरोगतज्ज्ञच सांगतील. घरात ते दिवस कसे काढायचे, ते मी सांगू शकते. पण त्याआधी खुब्याची रचना एकदा समजून घ्या, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळेल. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, तो गोळा. कमरेच्या हाडात त्याच्यासाठी खोलगट जागा असते, ती वाटी. तान्ह्या बाळाची वाटी बरीचशी मऊ कूर्चेची, म्हणजे अजून हाड न झालेल्या लवचिक भागाची असते. गोळा आत बसून हलत राहिला की त्याच्या दाबानं ती हळूहळू खोल होत जाते. गोळा बाहेर राहिला तर वाटी उथळच राहते. हार्नेस (तान्ह्या बाळाचे पाय दुमडून फाकलेले ठेवणारे पट्टे) असो, प्लास्टर असो की शस्त्रक्रिया, सगळी धडपड गोळा आत ठेवण्यासाठी असते. पुढचं काम वाढ करते.

«माझी मुलगी नऊ आठवड्यांची आहे. दोन आठवड्यांपूर्वी तिला पाव्हलिक हार्नेस लावला. डॉक्टरांनी दिवसरात्र ठेवायला सांगितलंय. पण संध्याकाळी ती इतकी रडते की मी तासभर पट्टे सोडते. पाय मोकळे झाले की ती शांत होते. एका तासानं काय बिघडणार? घरातले सगळे म्हणतात, एवढीशी पोर, कशाला छळता?»

तुमचा हात पट्ट्याकडे का जातो ते मला कळतं. तरीही सांगते, आज संध्याकाळपासून तो हात आवरा.

पट्टे सोडल्यावर ती काय करते ते आठवून बघा. पाय सरळ ताणते आणि एकमेकांजवळ आणते. नेमक्या याच स्थितीत गोळा वाटीबाहेर सरकतो. दिवसभरात जे साधलं ते त्या तासात हलतं, आणि हे तुम्ही रोज करताय. काही डॉक्टर अंघोळीपुरती सूट देतात, पण ती त्या बाळाची सोनोग्राफी पाहून. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली नाही. इतके दिवस सोडत होतात हे त्यांना मोकळेपणानं सांगा. लपवलंत आणि पुढच्या सोनोग्राफीत खुबा बसलेला दिसला नाही, तर हार्नेस लागू पडला नाही असा त्यांचा समज होईल आणि उपचार उगाच बदलेल.

रडण्याचं म्हणाल, तर या वयात हार्नेस नसलेली बाळंही संध्याकाळीच जास्त रडतात. तिला उचलून, पाय तुमच्या पोटाभोवती फाकलेले ठेवून खोलीत फिरवा. पाजतानाही तसंच घ्या. पट्ट्याखाली पातळ सुती झबलं आणि गुडघ्यापर्यंत मोजे घाला, डायपर पट्ट्यांच्या आतून बांधा. गुडघ्यामागच्या आणि जांघेतल्या घड्या रोज उलगडून बघा, तिथे लाली लपते. अंग ओल्या कापडानं पुसा. पट्टे जिथे अडकवलेत तिथे पेनानं खूण करून ठेवा, म्हणजे एखादा सुटला तर मूळ जागी लावता येईल. स्वतःच्या मनानं घट्ट किंवा सैल मात्र करू नका.

एक गोष्ट रोज न चुकता तपासा. ती दोन्ही पायांनी लाथ मारते का? गुडघा सरळ करते का? करायची आणि आता थांबली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मांडीच्या पुढच्या बाजूच्या नसेवर दाब आला की असं होतं. वेळीच लक्षात आलं तर बहुतेकदा ते पूर्ण भरून येतं.

आणि घरातल्यांना हे सांगा. झेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्हलिक यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हा हार्नेस आणला तो बाळांची जखडणूक संपवण्यासाठीच. त्याआधी पाय ताठ साच्यात आवळून ठेवत आणि त्यात कित्येक बाळांच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायचा. पाव्हलिक यांनी पाय हलते ठेवले. फक्त ते सरळ होणार नाहीत आणि जवळ येणार नाहीत एवढंच पाहिलं. तुमची मुलगी हार्नेसमध्येही लाथा मारतेय. छळ तिचा होत नाहीये, बघवत नाहीये ते आपल्याला.

«माझ्या पाच महिन्यांच्या मुलाच्या मांड्यांवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नाहीत. वाचून वाचून झोप उडालीय.»

नुसत्या वळ्यांवरून घाबरू नका. निरोगी बाळांच्याही वळ्या कमीजास्त असतात. डायपर बदलताना त्याचे गुडघे दुमडून बेडकासारखे दोन्हीकडे उघडा. एक मांडी कमी उघडते का? दोन्ही पावलं टेकवून गुडघे उभे केले तर एक गुडघा खाली दिसतो का? पोटात तो डोकं वर, ढुंगण खाली असा होता का? सख्ख्या नात्यात कुणाला खुब्याचा त्रास होता का? एकाचंही उत्तर हो असेल तर याच आठवड्यात दाखवा. सगळी नाही असतील तरीही पुढच्या लसीच्या वेळी मांड्या उघडून तपासायला सांगा.

पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर हातानं खुबा हलवून बघतात. १९३७ मध्ये इटलीच्या मारिनो ऑर्तोलानी यांनी वर्णन केलेली तपासणी अजून तशीच करतात. पण तीन महिन्यांनंतर आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि गोळा आत सरकताना जाणवणारा टक्क हाताला लागेनासा होतो. म्हणून जन्मल्यावर तपासलं होतं एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तुमच्या बाळाच्या वयात एक्स-रेत खुबा दिसायला लागतो. त्याआधी कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करतात.

आणि दुखण्याची वाट बघू नका, कारण या वयात हे दुखत नाही. माझ्या लेकीनं कधी कुरकुर केली नाही. फक्त तिच्या पायजम्याचा डावा काठ रोज काळा व्हायचा. उजवा स्वच्छ, डावा फरशीवर घासून झिजलेला. मी तो दोन महिने धूत राहिले. डावा पाय आखूड पडतोय हे तो काठ मला सांगत होता. एका ठिकाणी विचारलं तर «काही मुलं उशिराच चालतात» असं उत्तर मिळालं आणि आमचे आणखी तीन महिने गेले. ते महिने मला आजही सलतात, म्हणून एवढं लिहिलं.

«आमचा मुलगा १६ महिन्यांचा आहे. दोन आठवड्यांनी भूल देऊन खुबा बसवणार आणि मग कमरेपासून खाली प्लास्टर. तो दिवसभर धावणारा मुलगा आहे. त्याला असं बांधून टाकायचं या विचारानंच पोटात गोळा येतो. जरा मोठा आणि समजूतदार झाल्यावर केलं तर चालणार नाही का? आणि तो आमचा राग धरेल का? एक बाबा.»

आधी थांबण्याबद्दल. थांबू नका. साधारण दीड वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचा खुबा न उघडता बसवता येतो. त्यापुढे खुबा उघडून बसवण्याची, हाड कापून वाटीचा कोन बदलण्याची गरज वाढत जाते. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावर आहे. आत्ताही बंद पद्धतीनं बसला नाही तर उघडावा लागेल, असं डॉक्टर आधी सांगतील. सही करण्याआधी ते नीट समजून घ्या. गोळ्याच्या रक्तपुरवठ्याला धक्का पोहोचण्याचा धोका किती, हेही विचारा. प्लास्टरनंतर गोळा आतच आहे ना, हे कोणत्या तपासणीनं बघणार, तेही विचारा. विचारायला संकोचू नका.

आता घरचं. रुग्णालयातून निघण्याआधी नर्सकडून उचलणं, कूस बदलणं आणि डायपर या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हातानं करून शिका. तुम्ही दोघांनीही. नुसतं बघून येत नाही.

डायपरची युक्ती अशी. नेहमीपेक्षा लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या कापलेल्या खिडकीच्या कडांखाली सगळीकडून आत खोचायचा आणि त्यावर मोठ्या मापाचा दुसरा, प्लास्टरच्या बाहेरून. दिवसा दर दोन तासांनी बघायचं, रात्री निदान एकदा उठायचं. डोक्याकडची बाजू पायांपेक्षा थोडी उंच ठेवा, म्हणजे लघवी पाठीकडे चढत नाही. लघवीत भिजलेलं अस्तर वाळत नाही. वासही जात नाही आणि आतली कातडी सोलते. पहिल्याच आठवड्यात एका रात्री मी झोपून राहिले आणि पुढचे पाच आठवडे त्या वासानं मला त्या रात्रीची आठवण दिली.

उचलताना एक हात पाठीखाली आणि एक ढुंगणाखाली. पायांमध्ये आडवी काठी बसवतात, ती मूठ म्हणून वापरण्याचा मोह होतो. तिला धरून कधीही उचलू नका, प्लास्टर तडकतं. गुडघ्यात वाकून उचला, नाहीतर तुमचीच कंबर धरेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. पाठीवर, मग उशा लावून पोटावर. टाच गादीला टेकून राहू देऊ नका.

रोज सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन प्लास्टरच्या कडांच्या आत बघा. पायाच्या अंगठ्याचं नख दाबा. ते पांढरं होईल, सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटं थंड, निळसर, सुजलेली वाटली, तो ती हलवेनासा झाला, ताप आला, आतून कुजका वास आला किंवा काही केल्या रडणं थांबेना, तर रात्र असली तरी निघा. पोट ताणलेलं दिसलं आणि उलट्या होऊ लागल्या तरीही. प्लास्टरमध्ये पोटाला फुगायला जागा नसते, म्हणून एका वेळी थोडं थोडं आणि डोकं उंच करूनच भरवा.

खाज सुटेल. काहीही आत घालू नका, पावडरही नाही. ड्रायर गार हवेवर ठेवून कडेतून वारा द्या. जेवताना प्लास्टरच्या वरच्या कडेवरून सैल शर्ट ओढून घ्या. माझ्या लेकीनं एक लाकडी मणी आत टाकला होता. तिच्या पाठीवर एक गोल लाल खूण होती, मणी कुठे गेला हे आम्हाला सहाव्या आठवड्यात प्लास्टर बदलताना कळलं.

प्रवासाचं आधीच बघून ठेवा. गाडीतल्या नेहमीच्या बाळखुर्चीत फाकलेले पाय मावत नाहीत. प्लास्टर असलेल्या मुलांसाठी रुंद खुर्ची मिळते. त्याची सोय न झाल्यास घरी कसं न्यायचं हे रुग्णालयाशी बोलून ठरवा. मांडीवर धरून नेणं सुरक्षित नाही.

आता तुमच्या मनातलं. पहिल्या तीन रात्री वाईट जातात. स्नायूंना अचानक झटके येतात, मूल झोपेतून किंचाळून उठतं. त्यासाठी औषध असतं, घरी निघताना मागून घ्या. माझी लेक दोन दिवस माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. भूल देणाऱ्यांच्या हातात तिला मीच दिलं होतं. ती फक्त बाबांकडे जायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जमिनीवर पालथी झोपले, तिच्याच उंचीवर, आणि एक चेंडू तिच्याकडे ढकलला. खूप वेळ तिनं तो नुसता धरून ठेवला. मग माझ्याकडे परत ढकलला. त्या दिवशी मी बराच वेळ तिथून उठले नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते आणि मागून खर्र, खर्र असा आवाज आला. ती कोपरांवर अंग ओढत, प्लास्टर फरशीवर घासत, दारापर्यंत आली होती. धावणाऱ्या मुलाला प्लास्टर थांबवत नाही, तो दुसरी वाट काढतो. तुम्ही त्याला जमिनीवर ठेवा, उंच पलंगावर किंवा सोफ्यावर एकटा सोडू नका, आणि खेळणी हाताच्या जरा पलीकडे मांडा. तो राग धरणार नाही. दोन-तीन दिवस रुसेल. ते रुसणं सोसा, पण तारीख पुढे ढकलू नका.

«माझी पहिली नात पायाळू. जन्मल्यापासून मी तिला दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळत होते, कारण तशी ती शांत झोपायची. आता खुबा निखळलेला निघाला. सून काही बोलत नाही, पण मला अन्न गोड लागत नाही. माझ्यामुळे झालं का हे?»

आजी, तुम्ही खरं विचारलंत, म्हणून खरं सांगते. पाय सरळ ताणून घट्ट बांधणं खुब्याला चांगलं नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात नवजात बाळांचे पाय असे सरळ बांधू नका हे देशभर सांगायला सुरुवात झाली आणि पुढे तिथे निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण खूप खाली आलं.

पण तुमच्या नातीची बाकीची कारणं तुम्हीच पत्रात लिहिली आहेत. मुलगी, पहिलं मूल, आणि पायाळू. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, कारण आईच्या शरीरातल्या संप्रेरकांनी त्यांचे सांध्यांचे बंध अधिक सैल होतात असं मानतात. पहिल्या बाळाला पोटात जागा कमी मिळते. पायाळू बाळाचे पाय अडकून बसलेले असतात. ती जन्मली तेव्हाच तिचा खुबा सैल असण्याची शक्यता मोठी होती. अशी कित्येक बाळं कुणी कधीच घट्ट न गुंडाळताही माझ्या लेकीसारखी निघतात. दुपट्याचा वाटा किती हे कुणालाही वेगळं काढून दाखवता येणार नाही. तुम्ही सगळं ओझं स्वतःच्या शिरावर घेताय, तेवढं ते तुमचं नाही.

सुनेशी तुम्हीच आधी बोला. माझ्या सासूबाई आणि मी कित्येक दिवस एकमेकींपासून तोंड लपवत होतो. शेवटी कळलं की दोघी स्वतःलाच दोष देत होतो.

आणि नातीला उपचारातून मोकळं केल्यावर, डॉक्टरांना विचारून, कडेवर घ्या. कडेवर घेतलेल्या बाळाचे गुडघे वर आणि मांड्या फाकलेल्या असतात, खुब्याला हवी तशी. पुढच्या नातवंडाला गुंडाळायचं असेल तर हात खुशाल गुंडाळा, कमरेखाली दुपटं इतकं सैल ठेवा की पाय दुमडून वर घेता येतील.

«प्लास्टर काढून तीन आठवडे झाले. मुलगी दोन वर्षांची. उभी केली की पाय वर घेते आणि रडते. आधी चालत होती. काही चुकलं का?»

बहुतेक नाही. तिचे स्नायू बारीक झालेत, गुडघे आखडलेत आणि पाय तिला अनोळखी वाटतायत. प्लास्टर काढल्यावर माझी लेक स्वतःच्या पोटऱ्या दोन्ही हातांनी धरून रडली होती. कातडीचे पापुद्रे निघत होते, पाय अगदी हलके झाले होते. बरेच दिवस ती गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्याशिवाय झोपत नसे.

ओढून उभी करू नका. प्लास्टरनंतर हाडं काही काळ ठिसूळ असतात, साध्या पडण्यानंही मोडू शकतात. कोमट पाण्याच्या टबात बसवून पाय मारू द्या, मग रांगू द्या, मग सोफ्याला धरून. आधी लंगडेल, ते काही महिने चालतं. पण एखाद्या जागी हात लावू देत नसेल, सूज किंवा ताप असेल, किंवा आधी हलवत होती तो पाय अचानक हलवेनाशी झाली असेल, तर लगेच दाखवा. आणि डॉक्टरांकडच्या पुढच्या फेरीत पट्टा रात्रीचा किती महिने लावायचा ते लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं माझ्यासारखंच तुम्हीही विसराल.

«मुलगी पाच वर्षांची, अगदी छान पळते. तरी दरवर्षी एक्स-रे का? आणि आता मी पुन्हा गरोदर आहे.»

पळणं डोळ्यांना दिसतं, वाटी किती खोल झाली ते दिसत नाही. कधी कधी गोळा जागेवर असूनही वाटी वयाच्या मानानं मागे पडते. तेव्हा दुखत नाही, पण दुरुस्त करायची योग्य वेळ तीच असते. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतरानं फेऱ्या चालू ठेवा. आमच्याही चालू आहेत. जुने एक्स-रे जपा आणि दर वेळी सगळे सोबत न्या, कारण एकाच फोटोवरून फारसं कळत नाही, दोन फोटोंमधला फरक बघायचा असतो.

येणाऱ्या बाळाला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, कारण बहिणीला होता. जन्मल्यावर पहिल्याच तपासणीत हे सांगा आणि खुबे ठीक वाटले तरी साधारण सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाळंतपणानंतर त्या दिवसांत कुणाला कसलं भान राहतं!